काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमींची देखभाल थांबविली. तिच्या मागून आलेली 'विंडोज ११' ही प्रणाली जुन्या यंत्रांना सहसा पंक्तीस घेत नाहीं; सुरक्षेची अमुक एक चिप आंत असली पाहिजे, प्रोसेसर अमुक पिढीचा असला पाहिजे, अशा तिच्या अटी आहेत. परिणाम असा झाला कीं, ज्यांच्या अंगांत अजून पुष्कळ वर्षांची ताकद आहे असे किती तरी संगणक एकाएकीं सेवानिवृत्त ठरले. शहरांतल्या घरांत अशा यंत्राचें पुढें काय होतें, हें आपणांस ठाऊक आहे. कांहीं दिवस तें कपाटावर धूळ खातें, आणि मग दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत तें गांवाकडे जातें.

तें गांव कसारा आहे, असें आपण समजूं. मुंबईहून निघालेली उपनगरी गाडी सुमारें १२० किलोमीटर धांवून जेथें थांबते आणि जेथून पुढें थळ घाट चढावा लागतो, तें शहापूर तालुक्यांतलें कसारा. तेथील भाचीला आपण आपला जुना लॅपटॉप दिला. ती कॉलेजांत जाणारी मुलगी. तिनें मोबाइलवर वाचून, कोणाच्या मदतीवांचून, त्यावर लिनक्स बसविलें. यंत्र पुन्हां सुरू झालें, आणि रात्रीं नऊ वाजतां आपल्याकडे दूरध्वनि वाजला: "मामा, पडदा काळा आहे. वरच्या कोंपऱ्यांत इंग्रजींत दोन ओळी आल्या आहेत, आणि त्यांच्यापुढें एक रेघ नुसती लुकलुकते आहे. चित्र नाहीं, बाण नाहीं, कांहींच नाहीं."

आजचें हें भाषण त्या मामांसाठीं आहे. यंत्र त्यांच्यापुढें नाहीं. कसाऱ्याच्या त्या घरांत पडदा पाहणारे डोळे एकाचे आणि विचार करणारें डोकें दुसऱ्याचें, अशी स्थिति आहे. रेडिओवर बोलणाऱ्यालाही आपल्या श्रोत्याचें यंत्र दिसत नाहीं, तेव्हां मामांची अडचण मला नीट समजते.

सर्वांत आधीं एक गोष्ट भाचीला निक्षून सांगावी. यंत्र पुन्हां बसवावयास घेऊं नकोस. अशा वेळीं मनुष्याच्या मनांत पहिला विचार हाच येतो कीं, आपलें कांहीं तरी चुकलें, सर्व पुसावें आणि नव्यानें आरंभ करावा. पहिल्या वेळीं तिनें सावधपणें, एकेक प्रश्न वाचून, जुन्या विंडोजचा भाग शाबूत ठेवून लिनक्सला शेजारीं जागा करून दिलेली असते. दुसऱ्या वेळीं रात्र झालेली असते, मन चिडलेलें असतें, आणि "संपूर्ण डिस्क वापरावी काय?" या प्रश्नाला होकार देऊन माणूस मोकळा होतो. त्या होकारासरशीं जुन्या भागांतलें सर्व जातें. कसाऱ्याच्या त्या घरांत त्या भागांत काय असेल याचा विचार करा. जमिनीच्या सातबाऱ्याची प्रत, जातीच्या दाखल्याची प्रत, शिष्यवृत्तीचा अर्ज, आजीचा कदाचित् एकुलता एक फोटो. काळा पडदा यांतल्या कशालाही हात लावीत नाहीं. उतावळेपणानें घेतलेली दुसरी फेरी मात्र तें सर्व अर्ध्या मिनिटांत नाहींसें करूं शकते.

मग हा काळा पडदा म्हणजे काय? कसाऱ्याच्या माणसाला तो समजावून देणें सोपें आहे. मुंबईहून आलेली लांब पल्ल्याची गाडी कसाऱ्याला थांबते. पुढें इगतपुरीपर्यंत चढ एवढा मोठा आहे कीं, सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें. १८६५ सालीं हा लोहमार्ग सुरू झाला, त्याला दीड शतकाहून अधिक काळ लोटला, पण डोंगर तोच आहे. म्हणून गाडीच्या मागें जादा एंजिनें जोडतात, तीं गाडीला ढकलीत इगतपुरीला नेतात आणि तेथें सुटतात. रेल्वेचे लोक त्यांना 'बँकर' म्हणतात. आतां बँकर जोडला गेला नाहीं म्हणून कसाऱ्याच्या फलाटावर उभी असलेली गाडी पाहून कोणी "अपघात झाला" असें म्हणेल काय? गाडी धड आहे, मूळचें एंजिन चालू आहे, उतारू आपापल्या जागीं आहेत. पुढच्या चढासाठीं लागणारें दुसरें एंजिन तेवढें आलेलें नाहीं. लुकलुकती रेघ दाखविणारें लिनक्स हें असें फलाटावर उभें असतें.

विंडोज वापरणाऱ्याला हें चमत्कारिक वाटतें, कारण त्याला यंत्र आणि चित्र हीं एकच वस्तु म्हणून विकत मिळालेलीं असतात. लिनक्सचा जन्म निराळ्या रीतीनें झाला. त्याचा गाभा हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला. त्याच्याभोंवतींचीं पुष्कळशीं उपकरणें रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पांतून आलीं. पडद्यावर खिडक्या काढणारा 'एक्स' नांवाचा कार्यक्रम तर लिनक्सहूनही जुना. तो अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत १९८४ मध्यें सुरू झाला. आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतों, म्हणजे खालची पट्टी, मेनू, फाइलींचीं चित्रें, तो आणखी निराळ्या मंडळींचा, १९९६-९७ नंतरचा उद्योग. अशा अनेक हातांनीं केलेलीं वेगवेगळीं अंगें एकावर एक बसवून डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादि संच तयार होतात. जगांतलीं असंख्य यंत्रें मोठमोठ्या दालनांत रांगेनें उभीं राहून रात्रंदिवस काम करतात, आणि त्यांना पडदाच नसतो. त्यांना चित्राचा भार कशाला? म्हणून चित्रावांचून चालणें हा लिनक्सचा दोष नव्हे. तो त्याचा जुना, सहज स्वभाव आहे. आपल्या भाचीला मात्र चित्र हवें आहे, आणि तें तिला मिळालें पाहिजे.

आतां निदानाकडे वळूं. मी डेबियन हा संच डोळ्यांपुढें ठेवून बोलतों. उबुंटू त्याच कुळांतलें असल्यामुळें बरेंचसें तेथेंही लागू पडेल. एक सूचना: मी ज्या आज्ञा सांगेन त्या छापील पानावर देवनागरींत दिसतील, पण यंत्रावर त्या इंग्रजी लहान लिपींतच टंकित करावयाच्या आहेत, आणि दोन शब्दांमध्यें जागा सोडावयाची आहे.

भाचीला पहिली विनंति अशी करावी कीं, पडद्यावरची शेवटची ओळ अक्षर न् अक्षर वाचून दाखव. "कांहीं तरी इंग्रजींत आहे" हें उत्तर स्वीकारूं नये. शेवटच्या ओळींत 'लॉगिन' हा शब्द असेल, तर नव्वद टक्के काळजी संपली. यंत्र जिवंत आहे व आपलें नांव विचारीत आहे. तेथें 'ग्रब' असें लिहिलेलें असेल, किंवा 'इनिटरॅमएफएस' असा लांबलचक शब्द असेल, तर दुखणें निराळें आहे. प्रणालीला आपली डिस्कच सांपडलेली नाहीं, आणि आजचे उपाय तेथें उपयोगाचे नाहींत. तिसरा प्रकार म्हणजे अक्षर नाहीं कीं रेघ नाहीं, सर्व काळोख. त्यावेळीं कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबावयास सांगाव्या. पुष्कळदां त्या काळोखामागून 'लॉगिन' बाहेर येतें. तो प्रकार मी शेवटीं घेतों.

'लॉगिन'पुढें तिनें बसवितांना ठरविलेलें आपलें नांव लिहावें. मग यंत्र परवलीचा शब्द मागेल. येथें नवशिक्याची हमखास फसगत होते: परवलीचा शब्द टंकित करतांना पडद्यावर कांहींही उमटत नाहीं. अक्षर नाहीं, तारा नाहीं, ठिपका नाहीं. रेघसुद्धां जागची हालत नाहीं. माणसाला वाटतें, कळफलक बिघडला. तो कळा जोरजोरानें दाबूं लागतो आणि शब्द खरोखरच चुकतो. शब्दाची लांबीदेखील मागें उभ्या असलेल्याला कळूं नये, एवढ्यासाठीं ही जुनी रीत आहे. शांतपणें लिहावें आणि एंटर दाबावें.

आंत गेल्यावर पहिली खरी परीक्षा. 'सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर' अशी आज्ञा द्यावी. डिस्प्ले-मॅनेजर म्हणजे चित्रमय दाराशीं उभा राहून नांव विचारणारा द्वारपाल. असा कोणी सांपडत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर आलें, तर डेस्कटॉप मुळांत बसलेलाच नाहीं. तो 'फेल्ड' असें आलें, तर बसला आहे पण पडला आहे. या दोहोंचे उपचार अगदीं भिन्न आहेत, म्हणून हा प्रश्न टाळून पुढें जाऊं नये. कांहीं ठिकाणीं 'सिस्टमसीटीएल गेट-डीफॉल्ट' ही आज्ञा देऊन पाहण्यास सांगतात; पण डेबियन तिला 'ग्राफिकल' असें उत्तर डेस्कटॉप नसतांनाही देतें. ती नुसती इच्छा आहे, वस्तुस्थिति नव्हे. त्या उत्तरावर विसंबूं नये.

त्यासरशीं 'डीएफ -एच' ही आज्ञाही द्यावी. ती डिस्क किती भरली आहे तें सांगते. जुन्या यंत्रांत लिनक्सला चुकून फार लहान जागा दिलेली असते, ती शंभर टक्के भरते, आणि मग डेस्कटॉप असूनही उभा राहूं शकत नाहीं.

डेस्कटॉप बसलेलाच नसणें, हें सर्वांत अधिक आढळणारें कारण आहे, आणि त्याचा उगम बहुधा भाचीच्या हुषारींतच असतो. तिचा मोबाइलचा डेटा मोजका. म्हणून तिनें डेबियनची लहान, कांहींशें मेगाबाइटची प्रतिमा उतरवून घेतली. ही लहान प्रतिमा म्हणजे केवळ पाया. बाकीचें घर ती बसवितांना इंटरनेटवरून आणते. त्या वेळीं इंटरनेट मिळालें नाहीं, तर ती पाया घालून मुकाट्यानें थांबते. डेबियन १२ म्हणजे २०२३ च्या पूर्वींच्या अधिकृत प्रतिमांत पुष्कळशा वायफाय उपकरणांना लागणारें फर्मवेअर नसे. त्यामुळें घरांत वायफाय असूनही यंत्राला तें दिसत नसे. जुनी प्रतिमा मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घेतलेली असेल, तर आजही तसेंच घडेल.

दुसरें कारण अगदीं क्षुल्लक आहे. बसवितांना एक यादी येते: कोणता डेस्कटॉप हवा? बाणाच्या कळेनें त्या नांवापर्यंत जावयाचें, आणि तेथें खूण करण्यासाठीं लांब स्पेसची कळ दाबावयाची. लोक एंटर दाबतात. एंटर म्हणजे "यादी आहे तशी मान्य". आणि यादींत आधींपासून असलेली खूण चुकून स्पेसनें पुसली गेली, तरी तेंच होतें. तिसरें कारण उबुंटूकडे आढळतें: 'सर्व्हर' या शब्दाला भारदस्तपणा आहे, तेव्हां तीच प्रतिमा उत्तम असेल असें समजून ती उतरविली जाते. तिच्यांत डेस्कटॉप नसतोच.

आणि चौथें कारण शहरांतल्या माणसाच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. पावसाळ्यांत घाटाच्या पायथ्याशीं वीज जाते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते. शेंकडों पुड्या एकामागून एक उघडून बसविल्या जात असतां मध्येंच दिवे गेले, तर कांहीं पुड्या अर्धवट उघडलेल्या राहतात. त्यावर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' अशी आज्ञा आहे. शेवटचें 'ए' सुटें, त्याच्यामागें एक आडवी रेघ, आणि 'कॉन्फिगर'च्या मागें दोन. अर्धवट राहिलेलें सर्व काम ती पुरें करते. वीज गेली होती काय, हा प्रश्न मामांनीं अवश्य विचारावा.

अशा आज्ञा यंत्राच्या मालकाच्या अधिकारानेंच देतां येतात. सर्वत्र 'सुडो' हा शब्द आधीं लावावयास सांगतात. भाचीनें तो लावला आणि यंत्रानें उत्तर दिलें कीं, तुमचें नांव यादींत नाहीं, या प्रकाराची नोंद वर कळविली जाईल! बिचारी मुलगी घाबरून जाते. पोलिसांकडे कांहीं जात नाहीं. ती नोंद त्याच यंत्राच्या पोटांत राहते. डेबियन बसवितांना 'रूट' या मालकासाठीं वेगळा परवलीचा शब्द ठरविला असेल, तर साध्या सभासदाला सुडोचा अधिकार मिळत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हां 'सु', मग जागा, मग आडवी रेघ, असें लिहून रूटचा शब्द द्यावा. ती आडवी रेघ गाळूं नये. ती नसेल तर मालकाचें नांव मिळतें पण त्याची हत्यारांची पेटी मिळत नाहीं, आणि पुढच्या कित्येक आज्ञा "सांपडत नाहीं" म्हणून परत येतात.

आतां इंटरनेट. वायफायच्या मागें लागूं नये. मोबाइल यूएसबीच्या तारेनें लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलमध्यें 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावें. लिनक्सला तो तारेवरचा साधा जोड वाटतो, आणि बहुतेक वेळां त्याला वेगळें फर्मवेअर लागत नाहीं. तार मात्र नुसती चार्जिंगची नसावी. कांहीं स्वस्त तारांतून वीज जाते, माहिती जात नाहीं. मग 'आयपी ए' ही आज्ञा जोडांची यादी देते. तींत 'यूएसबी' किंवा 'ईएनएक्स' या अक्षरांनीं सुरू होणारें नवें नांव शोधावें. डेबियन १२ मध्यें 'डीएचक्लायंट' आणि त्यापुढें तें नांव लिहावें. १३ मध्यें त्याच्या जागीं 'डीएचसीपीसीडी' आहे.

इंटरनेटवांचून बसविलेल्या डेबियनला आपलें भांडार कोठें आहे हेंही ठाऊक नसतें. त्याच्या टिपणवहींत फक्त पेन ड्राइव्हची नोंद असते. ती वही म्हणजे 'ईटीसी' या कप्प्यांतील 'एपीटी' या कप्प्यांत असलेली 'सोर्सेस डॉट लिस्ट' नांवाची फाइल. 'नॅनो' या संपादकांत ती उघडून 'डेब सीडीरॉम' अशी सुरुवात असलेल्या ओळींच्या आरंभीं # ही खूण घालावी, म्हणजे त्या निजतात. नव्या ओळींत 'डेब' हा शब्द, मग डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग येथील भांडाराचा पूर्ण पत्ता, मग आवृत्तीचें टोपणनांव, १२ साठीं 'बुकवर्म' आणि १३ साठीं 'ट्रिक्सी', आणि शेवटीं 'मेन' व 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हीं विभागांचीं नांवें. हा भाग दूरध्वनीवरून सांगण्यांत अर्थ नाहीं. मामांनीं ती ओळ संदेशांत लिहून पाठवावी.

नंतर 'एपीटी अपडेट'. आणि त्यापाठोपाठ 'टास्कसेल'. पुन्हां तीच यादी येईल. या खेपेस स्पेसनें खूण करावी, टॅबनें 'ओके'वर जावें, आणि मग एंटर. जुन्या यंत्राला कोणता डेस्कटॉप द्यावा? माझें मत विचाराल तर दोन गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर जीनोम लादूं नये. दिसावयास तो देखणा आहे, पण त्या लॅपटॉपला तो डोईजड होईल. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी निवडावा. येथें शेंकडों मेगाबाइट उतरतात, म्हणून दिवसाचा डेटा किती उरला आहे तें आधीं पाहावें आणि चार्जर लावून ठेवावा. शेवटीं 'सिस्टमसीटीएल रीबूट'.

आतां मी ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा विषय निवडला तिच्याकडे येतों. इंग्रजी जाणणारा मनुष्य त्या काळ्या पडद्यावर जन्मभर काम करूं शकतो. कित्येक करतातही, आणि त्याचा अभिमानही बाळगतात. मराठीला ती सोय नाहीं. त्या पडद्यावरचीं अक्षरें सारख्या आकाराच्या घरांत बसतात, एका घरांत एक. आणि ज्या पेटींतून तीं काढावयाचीं तींत २५६, फार तर ५१२ आकृति मावतात. इंग्रजीला ही पेटी पुरून उरते. आपल्या लिपीचें काय? निर्णयसागरसारख्या छापखान्यांतला जुळारी किती खणांची पेटी पुढें घेऊन बसे, हें ज्यांनीं पाहिलें आहे ते जाणतात. अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें, वरचे-खालचे कान्हा-मात्रा-वेलांट्या, सर्वांना वेगळे खिळे. बरें, संख्येचा प्रश्न सोडविला तरी क्रमाचा राहतो. 'कि' लिहितांना वेलांटी 'क'च्या आधीं येते. संगणक मात्र उच्चाराच्या क्रमानें आधीं 'क' आणि मग इकार सांठवितो. वेलांटी उचलून पुढें नेणें, 'क्' आणि 'त' यांचा 'क्त' घडविणें, हें जुळाऱ्याचें काम करणारा वेगळा कार्यक्रम लागतो. 'हार्फबझ' हें त्या जुळाऱ्याचें आजचें नांव. तो चित्रमय पडद्याच्या बाजूला राहतो. काळ्या पडद्यावर तो नाहीं.

म्हणून डेबियनच्या बसविण्याच्या प्रक्रियेंत मराठी निवडावयाची असेल, तर ती चित्रमय पद्धतीनेंच करावी लागते. २००९ च्या 'लेनी' आवृत्तीपासून तींत मराठी आहे. भाचीनें हौसेनें मराठी निवडली आणि डेस्कटॉप मात्र बसला नाहीं, तर तिच्यापुढें विचित्र प्रसंग येतो: यंत्र तिच्याशीं मराठींत बोलूं पाहतें, आणि पडद्यावर चौकटींच्या रांगा उमटतात. चुकीचा संदेशसुद्धां वाचतां येत नाहीं. त्या वेळेपुरती यंत्राला इंग्रजी बोलावयास लावावी. 'एक्स्पोर्ट', जागा, 'एलसी', खालची रेघ, 'ऑल', बरोबरची खूण, 'सी'; यांत 'एलसी', 'ऑल' आणि 'सी' हीं मोठ्या लिपींत. लागलीच संदेश वाचनीय होतात. तसेंच परवलीचा शब्द देवनागरींत ठेवूं नये. काळ्या पडद्यावर तो टंकित करण्याचा मार्ग उरत नाहीं.

रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळ खैराट-धनगरवाडा म्हणून वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी शाळेंत २००७ सालीं 'मुलागणिक एक लॅपटॉप' या योजनेचा प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लहान यंत्रांच्या पोटांत लिनक्सच होतें, फेडोराच्या घराण्यांतलें. पण मुलांपुढें 'शुगर' नांवाचा चित्रमय पडदा होता, आणि म्हणून तीं यंत्रें मुलांच्या हातीं देतां आलीं. तेंच यंत्र लुकलुकत्या रेघेनिशीं दिलें असतें, तर त्या पोरांनीं त्याचें काय केलें असतें? चित्र ही चैन आहे असें म्हणणाऱ्यांना मराठी घराची अडचण कळलेली नाहीं.

आतां राहिला तो पूर्ण काळोखाचा प्रकार. डेस्कटॉप बसलेला असतो, पण चित्र काढणाऱ्या उपकरणाशीं लिनक्सच्या गाभ्याचें सूत जुळत नाहीं; विशेषतः एन्व्हिडियाचीं कांहीं जुनीं उपकरणें असा हट्ट धरतात. यंत्र सुरू होतांना 'ग्रब'ची यादी दिसते, तेथें 'ई' ही कळ दाबावी. 'लिनक्स' या शब्दानें सुरू होणारी ओळ शोधून तिच्या शेवटीं एक जागा सोडून 'नोमोडसेट' असा एक शब्द लिहावा आणि एफ-१० दाबावें. चित्र येईल, ओबडधोबड येईल, पण येईल. हा बदल तेवढ्याच खेपेपुरता असतो, त्यामुळें त्यांत धोका नाहीं. आंत शिरल्यावर योग्य तें फर्मवेअर किंवा ड्रायव्हर बसवावा. नेमकें काय बिघडलें हें पाहावयाचें असेल, तर 'जर्नलसीटीएल -बी' ही आज्ञा त्या खेपेची सर्व रोजनिशी पुढें ठेवते, आणि 'एक्स'ची स्वतःची नोंद 'व्हार' कप्प्याच्या 'लॉग'मध्यें असते. तींत कंसांत दोन 'ई' असलेल्या ओळी तेवढ्या वाचाव्या.

आणखी एक फसवा प्रकार आहे. चित्रमय द्वारपाल नांव विचारतो, परवलीचा शब्द घेतो, पडदा क्षणभर लवतो, आणि पुन्हां द्वारपाल हजर! शब्द बरोबर असतो. डिस्क भरलेली नसेल, तर बहुधा असें घडलेलें असतें कीं, कोणी तरी आधीं मालकाच्या अधिकारानें 'स्टार्टएक्स' चालविलें, आणि भाचीच्या घरांतली 'डॉट एक्सऑथॉरिटी' नांवाची फाइल मालकाच्या नांवावर चढली. ती तिला उघडतां येत नाहीं, म्हणून दार लागतें. रूट होऊन ती एक फाइल पुसली कीं पुरें; ती पुन्हां आपोआप तयार होते.

चित्र आलें म्हणजे 'टास्क-मराठी-डेस्कटॉप' ही एक पुडी एपीटीकडून बसवून घ्यावी. रेड हॅट कंपनीनें २००४ मध्यें खुले केलेले 'लोहित' टंक डेबियनच्या भांडारांत मिळतात, त्यांतला देवनागरीही घ्यावा. टंकलेखनासाठीं १९८६ सालीं ठरलेली 'इनस्क्रिप्ट' मांडणी आधींच आंत असते. कळफलकाच्या मांडणीच्या यादींत मराठी जोडावयाची राहते. त्यानंतर विंडोजचा जुना भाग उघडून सातबाऱ्याची फाइल आपल्या मराठी नांवानिशीं नीट दिसते कीं नाहीं तें भाचीला पाहावयास सांगावें, आणि त्याच बैठकींत तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्यावयास सांगावें. काम अर्धें राहिलें आणि घरांतलीं माणसें निजावयास निघालीं, तर यंत्राचें बटण दाबून धरूं नये. 'सिस्टमसीटीएल पॉवरऑफ' लिहावें, पडदा पुरता मालवेपर्यंत थांबावें, आणि मग झांकण मिटावें. दुसऱ्या दिवशीं तें यंत्र पुन्हां त्याच 'लॉगिन'वर येऊन उभें राहील, आणि मामांना तेथूनच पुढें सांगतां येईल.